थोरली बाभळ

लग्नात मला दागिन्यांत एक ठुशी, भांड्यांत एक तांब्याची घागर आणि सासरच्या माणसांत एक सवत मिळाली. ठुशी पुढं मोडली, घागरीला तळाशी भोक पडलं. सवत मात्र शेताच्या बांधावर उभीच राहिली. ती बाभळ होती. स्वभावानं बाभळ असं नाही म्हणत मी, खरोखरची बाभळ, काट्यांची आणि शेंगांची. हे सांगितलं की आमच्या सुना तोंडाला पदर लावून हसतात. हसा म्हणावं. वाट्याला आली असती म्हणजे कळलं असतं.

मी बार्शीकडची, म्हणजे इंग्रजी हद्दीतली, मराठी चौथी पास. सासर निजामाच्या मुलखात, बैलगाडीनं एका दिवसाच्या वाटेवर. त्या मुलखाला आमच्याकडे मोगलाई म्हणत, आणि मुलगी मोगलाईत द्यायची म्हटलं की शेजारच्या बायका उगीचच डोळे पुसत. वडिलांनी मला तिथं दिली, कारण जमीन काळी होती, माणसं कष्टाची होती आणि मला सतरावं उलटलं होतं. तेव्हाच्या हिशेबानं मी घोडनवरी. मुलगा अठ्ठावीसचा. त्याची पहिली बायको पटकीनं गेली होती, दुसरी तापानं. दोघींचाही संसार वर्षाच्या आत आटोपला. त्या दोघींचा मला कधी राग आला नाही. बिचाऱ्यांना राग यायला वेळच मिळाला नव्हता, तर मला कुठून यावा.

आता तिसरं लग्न म्हणजे पंचाईत. तिसरी बायको वाचत नाही असं सगळ्यांचं ठाम मत. त्यावर तोडगाही ठरलेला होता. तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावायचं, अक्षता पडल्या की लगेच रुई तोडायची, तिसरी गेली असं धरायचं आणि मग खरी मुलगी चौथी म्हणून घरात आणायची. यम मोजणीत कच्चा आहे असं आपल्या वाडवडिलांना वाटत असावं. पण तोडगा घरोघर चालत होता आणि कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नव्हतं.

रुईचं लग्न लागलं तेव्हा मी मारुतीच्या देवळात मुंडावळ्या बांधून बसले होते. पण ती हकिगत मी पुढं इतक्या तोंडांतून ऐकली, की तिथं हजर असलेल्यांपेक्षा मला जास्त पाठ आहे. शेताच्या कडेनं सरकारी वाट जाते, तिच्या बांधावर रुईचं चांगलं कमरेएवढं झुडूप होतं. सकाळच्या मुहूर्तावर मंडळी तिथं जमली. जोशीबुवांना तेव्हाच कमी दिसायचं, पण ते मान्य करायचे नाहीत. त्यांनी रुईला हळद लावली, हातानं चाचपत सूत गुंडाळलं, अंतरपाट धरला, मंगलाष्टकं म्हटली. अक्षता पडल्या. आमच्या मालकांच्या चुलत्यांनी कोयता घेतला आणि एका घावात रुई आडवी केली.

रुई पडली, आणि सूत मात्र पडेना. सगळे पुढं सरकून बघायला लागले. रुईच्या पोटात हातभर बाभळीचं रोप वाढलेलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सुताचे वेढे त्याच्या काट्यांना अडकून बसले होते, शेंड्यावर हळद होती, अक्षतांचे चार दाणे पानांत अडकले होते. नव्या नवरीसारखंच ते थरथरत होतं म्हणे. वारा असेल, पण सासूबाईंनी ते पाहिलं आणि त्या बांधावरच खाली बसल्या.

चुलत्यांनी पुन्हा कोयता उचलला. सासूबाई ओरडल्या, "खबरदार! दोघी सुना म्या माझ्या हातानं घराबाहेर काढल्या. आता हिच्या अंगाला हळद लागली, डोक्यावर अक्षता पडल्या. हिच्या मानेवर कोयता चालवू व्हय? माझ्या घरात न्हाय चालायचं असलं."

निरोप देवळात आला. माझे वडील धोतराचा सोगा सावरत शेताकडे धावले. आदल्या दिवशी हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं आमच्या आहेराच्या साड्या उलगडून पाहिल्या होत्या, त्यामुळं ते आधीच तापलेले. त्यांनी विचारलं, "जोशीबुवा, मग माझी मुलगी कितवी?"

जोशीबुवांनी बोटं मोजली. "तिसरी रुई. ती गेली. चौथी ही बाभळ. तुमची लेक पाचवी."

"पाचवी!"

"पाचवी लई शुभ असती," जोशीबुवा म्हणाले. "आणि हिला आता मालक हायत तवर तोडता यायचं न्हाय. सवाष्ण हाय ती."

वडिलांनी कपाळावर हात मारला. मुहूर्त टळत चालला होता, वऱ्हाड उपाशी होतं, परत न्यावं तर मुलगी हळदीची. लग्न लागलं. मला सवत आहे हे मला अंतरपाटाच्या या बाजूला माझ्या आत्यानं कानात सांगितलं, आणि ती बाभळ आहे हे सांगायच्या आत मंगलाष्टकं सुरू झाली. त्यामुळं माझ्या लग्नाचा सगळा वेळ मी मांडवात ती बाई शोधण्यात घालवला.

लग्नानंतर तुळजापूरला देवीच्या पाया पडायला जायचं होतं. गाडीत मी बसले, मालक बसले, आणि सासूबाईंनी आमच्या दोघांच्या मध्ये एक काटेरी फांदी आणून ठेवली. "थोरलीला बी देवीचं दर्शन घडू द्या," म्हणाल्या. ती रोपाची सगळ्यात लांब फांदी होती, म्हणजे वीतभर. त्या फांदीनं माझं लुगडं तीन ठिकाणी फाटलं. देवळात पुजाऱ्यानं मालकांच्या उपरण्याला माझा पदर बांधला, मग सासूबाईंच्या सांगण्यावरून दुसऱ्या टोकाला बाभळीची फांदी बांधली. पुजाऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मला सभामंडपात गडप व्हावंसं वाटलं.

पण खरं दुखणं पुढं होतं. घरात मला सगळे 'धाकटी' म्हणायला लागले. धाकटीनं पाणी आणलं का, धाकटीला हाक मारा. मी तोंडावर सांगून टाकलं, की झाड म्हणजे माणूस नव्हे, या घरात मी एकटी सून आहे, मला कुणी धाकटी म्हटलं तर मी ओ देणार नाही. आणि दिली नाही. दीर हाका मारून दमायचे, मी चुलीपुढं ढिम्म. शेवटी बाकीच्यांनी माझ्यापुढं तो शब्द सोडला. सासूबाईंनी सोडला नाही. सणाचा पहिला नैवेद्य देवाला, दुसरा थोरलीला, मग माणसं. संक्रांतीला तिचं वाण, नागपंचमीला तिच्या नावानं खण. खण बांधून सासूबाई घरी पोचायच्या आत शेळी तो खाऊन मोकळी व्हायची. सासूबाईंना वाटे, थोरलीनं स्वीकारला. मी शेळीविषयी चकार शब्द काढला नाही. उलट तिला मूठभर दाणे टाकले.

आमचे मालक अतिशय गरीब माणूस. मी एकदा आवाज चढवला की ते भाकरी फडक्यात बांधून उठायचे. कुठं निघालात विचारलं, तर म्हणायचे, "थोरलीकडं." आणि बांधावर जाऊन तिच्याजवळ बसायचे. उलट उत्तर देत नव्हती ना ती! दोन-चार वर्षांत ती डोक्याच्या वर गेली, मग त्यांना सावलीही मिळायला लागली. तळपायाची आग मस्तकात जायची माझ्या. दुसरी बाई असती तर झिंज्या उपटल्या असत्या. हिच्या उपटायला गेले तर माझाच हात रक्तबंबाळ.

तेव्हा मी तिचा काटा काढायचं ठरवलं. आधी चुलीतली राख टोपल्या भरभरून तिच्या मुळाशी ओतली, म्हणजे जळून जाईल. त्या वर्षी तिला पिवळी फुलं आली. मग शेळ्या सोडल्या तिच्यावर. शेळ्यांनी शेंडे खाल्ले, तर जागोजाग दोन-दोन फुटवे आले आणि खाली लेंड्यांचं खत पडलं ते वेगळंच. मग कपडे धुतलेलं सोड्याचं पाणी, मग चुलीवरचं कढत पाणी, जे हाताला लागेल ते. ती वाढतच गेली. सासूबाई कौतुकानं शेजारणीला सांगायच्या, "धाकटी थोरलीची लई निगा करती. सख्ख्या बहिणीवाणी."

पहिलं लेकरू झालं तेव्हा मी दोन महिने अंथरुणाला होते. सासूबाई रोज एक डिंकाचा लाडू हातावर ठेवायच्या. पाचव्या-सहाव्या दिवशी मी विचारलं, एवढा डिंक कुठून आणला? म्हणाल्या, "थोरलीनं दिलाय. उन्हाळ्यात गोळा करून ठिवला हुता." लाडू माझ्या तोंडात होता. थुंकावा असा विचार मनात आला, खरं सांगते. पण भूक फार होती आणि तूप चांगलं होतं. मी तो खाल्ला आणि दुसरा मागितला. त्या बाळंतपणात अंग धरलं ते तिच्या डिंकावर, हे मला तेव्हाही कळत होतं. कबूल मात्र कुणापाशी केलं नाही.

पुढं खुरपणीला जाताना लेकराची झोळी मी तिच्याच फांदीला बांधायला लागले. दुसरं झाडच जवळ नव्हतं, असं मी स्वतःला सांगत असे. होती झाडं. बांधावर रांगेनं बाभळीच होत्या, गावापासून ओढ्यापर्यंत. पण माझी झोळी तिच्याच फांदीला.

सासूबाई गेल्या त्यानंतरच्या उन्हाळ्यात लढाई कुठंतरी लांब जोरात चालली होती. आमच्यापर्यंत ती रॉकेल न मिळण्याच्या रूपानं आली होती, आता मोटारीच्या रूपानं आली. तुळजापूरच्या सडकेवरची मोटार पेट्रोल सोडून कोळशावर चालायला लागली. मागं पिंपाएवढी भट्टी, तीत लाकडी कोळसा घालायचा, ड्रायव्हर घामाघूम, उतारू काळेठिक्कर. त्या मोटारीच्या पोटाला कोळसा लागायचा आणि कोळसा सगळ्यात चांगला बाभळीचा. एक गुत्तेदार, म्हणजे ठेकेदार, तहसिलीतून कागद घेऊन आला. सरकारी वाटेच्या बांधावरची झाडं सरकारची, ती सगळी तोडायची. बरोबर आठ कुऱ्हाडवाले, आणि कागदाप्रमाणं काम होतंय का पाहायला गिरदावरसाहेब. गिरदावर म्हणजे तहसिलीतला पाहणीचा अंमलदार, हैदराबादेकडचा मुसलमान माणूस, डोक्याला लाल तुर्की टोपी, बोलायला गोड आणि लिहायला कडक. त्यांच्यापुढं आमच्या गावाची पाचावर धारण बसायची.

ओढ्याकडून तोड सुरू झाली. लपवून काय करू, पहिल्या दिवशी मला बरं वाटलं. इतकी वर्षं राख ओतून जे जमलं नाही ते सरकार परस्पर करतंय, माझ्या माथी पाप नाही. दुसऱ्या दिवशी मी शेतात गेले तर निम्मा बांध बोडका. तोडलेल्या फांद्यांना होल्यांची घरटी तशीच अडकून होती, काही मातीत पडलेली, आणि पाखरं त्यांच्यावरून नुसती ओरडत फिरत होती. कुऱ्हाडींखाली अंडी फुटली होती. आमचे बैल नेहमीच्या जागी जाऊन उभे राहिले, तिथं सावली नव्हती. ते तिथंच उभे राहिले. मी घरी आले तर मालक सोप्यात बसून सुपारी कातरत होते. समोर बरीच सुपारी कातरून पडली होती. खात नव्हते, नुसती कातरत होते.

मी विचारलं, "उद्या तिची पाळी. तुम्ही काही बोलणार का नाही?"

"सरकारचं काम हाय," ते म्हणाले.

"तुमची बायको आहे ती."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य माझ्या तोंडून दहा वर्षांत पहिल्यांदा निघत होतं. ते हळूच म्हणाले, "तूच म्हणतीस नव्हं, झाड म्हंजी माणूस न्हवं?"

"मी काय म्हणते ते सोडा. तुमच्या आईनं तिला सून म्हटलं, तुम्ही तिच्या सावलीत बसून निम्मा जन्म काढला. आज तिला न्यायला आलेत तर सुपारी कातरताय. उद्या मला न्यायला आले तरी असेच बसणार ना?"

यावर त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. पण उठले नाहीत. मला त्या दिवशी त्यांचा जेवढा राग आला तेवढा सवतीचा कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापायची टाकून मी बांधावर गेले आणि तिच्या बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. काटे टोचत होते. उन्हं वर आल्यावर कुऱ्हाडवाले आले. गिरदावरसाहेबांची खुर्ची त्यांनी सवयीनं तिच्याच सावलीत मांडली. गुत्तेदार म्हणाला, "बाई, सरका. सरकारी काम हाय."

"सरकणार नाही," मी म्हणाले. "आमच्या घरची बाई आहे ही."

कुऱ्हाडवाले हसायला लागले. गुत्तेदार साहेबांना म्हणाला, "उन्हानं येडी झाली जणू." पण साहेबांनी हात वर केला. त्यांना असल्या कामात करमणूक कमीच होत असावी. त्यांनी विचारलं, "किस की बाई?"

"माझ्या नवऱ्याची."

"और तुम?"

"मीपण त्यांचीच."

साहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. मग मी सगळं सांगितलं, रुईपासून. माझं हिंदुस्थानी यथातथाच, त्यांना मराठी निम्मी कळायची, पण त्यांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "ठीक है. सबूत चाहिए. गवाह लाओ."

तोवर निम्मं गाव जमलं होतं. जोशीबुवांना आणलं. आता त्यांचे डोळे पुरते गेले होते. काठी टेकत ते झाडापाशी आले, दोन्ही हातांनी बुंधा चाचपला आणि एकदम "स्स" करून बोट तोंडात घातलं. "हीच ती," म्हणाले. "लग्नाच्या टायमाला बी असाच टोचला हुता."

मी म्हटलं, "जोशीबुवा, म्हणजे तुम्हांला तेव्हाच कळलं होतं?"

"कळलं हुतं की. पण मुहूर्त टळत हुता, बाई."

या माणसामुळं मी दहा वर्षं राख वाहिली होती. पण तो आमचा एकुलता एक साक्षीदार होता, म्हणून गप्प बसले.

साहेब म्हणाले, "शादी हुई, मान लिया. मगर ये घर में क्या काम करती?"

मला वाटलं, चार शब्दांत सांगून टाकावं. बोटं मोजत सुरुवात केली. हिच्या डिंकावर माझी तीन बाळंतपणं निघाली. हिच्या फांदीला माझी तिन्ही लेकरं झोपली. हिच्या काट्यांचं कुंपण आहे म्हणून शेतात डुकरं शिरत नाहीत. शेंगांवर शेळ्या जगतात, त्या शेळ्यांच्या दुधावर आम्ही. आमचा कुळव हिच्या फांदीचा, गाडीचं जू हिचं. दात दुखला की हिची साल उकळून गुळण्या. सगळं गाव हिच्या काड्यांनी दात घासतं. वाटसरू हिच्याखाली टेकतात, खुरपणाऱ्या बाया हिच्याखाली भाकरी खातात. ओढ्याला पाणी आलं की हा बांध हिच्या मुळ्यांनी धरून ठेवलेला असतो. मोजता मोजता दोन्ही हातांची बोटं संपली आणि माझ्या ध्यानात आलं, की याच साहेबांनी मी घरात काय करते असं विचारलं असतं, तर माझी यादी हिच्यापेक्षा आखूड झाली असती. आणि हिनं एवढं करून मला एकदाही टोमणा मारला नव्हता.

साहेबांचा कारकून लिहीत होता. तो मध्येच थांबून म्हणाला, कागदावर दोन बायका लिहायच्या तर थोरली कोण, धाकटी कोण, ते लागेल. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बडी कौन?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी या शब्दापायी घरात किती भांडले होते ते गावाला ठाऊक होतं. तेवढ्यात गर्दीच्या मागून मालक पुढं आले. घामानं निथळत होते, धोतराला सुपारीचे तुकडे चिकटलेले. साहेबांनी त्यांना विचारलं, "ये तुम्हारी जोरू है?" आणि झाडाकडे बोट केलं.

"जी सरकार," मालक म्हणाले. एवढा मोठा आवाज मी त्यांचा त्याआधी ऐकला नव्हता.

"और ये?"

"ही बी."

"बडी कौन?"

त्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि धोतराचे सुपारीचे तुकडे झटकायला लागले. मलाच बोलावं लागणार होतं. गुत्तेदारानं तेवढ्यात साहेबांच्या कानाशी सांगितलं, की ही बाई स्वतःच झाडाला झाड म्हणते, सगळ्या गावाला विचारा. साहेब मला म्हणाले, "देखो बाई, तुम अगर बडी हो, तो ये सिर्फ दरख्त है. दरख्त सरकार का. समझी?"

समजलं. दरख्त म्हणजे झाड, चांगलंच समजलं. दहा वर्षं मी ज्याच्यासाठी दात-ओठ खाल्ले, ते मला आता कागदावर, शिक्क्यासकट मिळत होतं. एवढंच, की मग कुऱ्हाडवाल्यांना पुढं यायला मोकळीक होती. माझ्या पाठीत तिचे काटे रुतलेले होते, ते आता जाणवत होते.

मी म्हणाले, "ती थोरली. मी धाकटी."

गर्दीतल्या एका बाईनं "अगं बाई" म्हटलेलं मला ऐकू आलं. साहेब कारकुनाला म्हणाले, "लिखो, दरख्त नहीं, औरत. शौहर जिंदा." मग त्यांचं त्यांनाच काहीतरी सुचलं. ते खुर्चीतून उठून उभे राहिले, झाडाकडे पाठ केली आणि खुर्ची उचलून सावलीबाहेर उन्हात ठेवायला सांगितली. दुसऱ्याच्या जनान्यात आपण सकाळपासून बसलो होतो याचा त्यांना संकोच झाला असावा. बाकीचा कागद त्यांनी उन्हात बसून, रुमालानं मान पुसत पुरा केला. तो माणूस मला फार आवडला.

ही बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली आणि दुसऱ्या दिवशी बघावं तर वाटेवरच्या उरलेल्या प्रत्येक झाडाला पिवळं सूत. सत्तरीच्या पाटलांची एक चिंच, ब्रह्मचारी शिक्षकाचा लिंब, एका शेतकऱ्यानं तर तीन बाभळी एकदम केल्या होत्या आणि त्याची खरी बायको कमरेला पदर खोचून त्याच्यामागं धावत होती. जोशीबुवांचा घसा बसला होता. गिरदावरसाहेबांनी पहिल्या झाडाच्या सुताला बोट लावलं आणि ते बोट सगळ्यांना दाखवलं. पिवळं झालं होतं. "हल्दी गीली है," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मात्र आदल्या दिवसासारखा हसरा नव्हता. कागद निघायच्या आधी झालेलं लग्नच धरायचं, असा त्यांनी नियम केला. तीन दिवसांत सगळी वाट मोकळी झाली. ती तोडलेली झाडं मोटारीनं किती दिवसांत जाळली असतील कोण जाणे. आठवडाही पुरला नसेल. त्यांतल्या एकेका झाडाला वाढायला एकेका माणसाच्या उमेदीची वर्षं गेली होती, हे मला त्या साहेबांना सांगायचं राहून गेलं. आजही त्याची हळहळ वाटते.

साक्षीच्या त्या दिवशी घरी जाताना मालक माझ्या दोन पावलं मागून येत होते. म्हणाले, "खरंच थोरली मानतीस तिला?"

"सरकारपुढं मानलं," मी म्हटलं. "घरात नाही."

ते हसले. मग त्यांनी माझ्या पाठीतला एक काटा काढला. भर रस्त्यात.

पुढचा उन्हाळा आला. ओढ्यापासून गावापर्यंत धरायला सावली नव्हती. धूळ उडायची ती थेट चुलीवरच्या तव्यात. दुपारी सगळ्या शिवारातली माणसं, बैल, शेळ्या, वाटसरू, गुत्तेदाराचा एक माजी कुऱ्हाडवालासुद्धा, जे ते आमच्या बांधावर येऊन बसायचे. एके दिवशी मी धाकट्या लेकराला कडेवर घेऊन शेतातली धसकटं वेचून आले. ऊन मी म्हणत होतं. बघते तर झाडाखाली मला टेकायला वीतभर जागा नाही. पाय भाजत होते, पोर रडत होतं. माझ्या नवऱ्याच्या शेतात, माझ्या नवऱ्याच्या बायकोखाली सगळं गाव बसलेलं आणि मी उन्हात. माझं डोकं तापलंच होतं, आता एकेकाला उठवणार, तेवढ्यात बुंध्याशी बसलेल्या एका मजूर बाईनं आपली भाकरी उचलली, थोडी सरकली आणि शेजारची जमीन हातानं झाडली.

"या की, धाकट्या बाई," ती म्हणाली.

मी ओ दिली आणि जाऊन बसले.